नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही: मुंबईत चालवून काय वाटलं

लालबागचा_पाहुणा
मंडळी, नमस्कार. दसऱ्याला गाडी घरी आली. चार मीटरच्या आतली कॉम्पॅक्ट एसयूव्ही, टर्बो पेट्रोल, तीन सिलिंडर, ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (आत दोन क्लच, गिअर गाडी स्वतः बदलते). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पाचव्या प्रतिसादापासून कंपन्यांची भांडणं सुरू होतात आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. याआधी बरीच वर्षं मॅन्युअल हॅचबॅक चालवली. रोजची नोकरी लोकलनेच. गाडी निघते ती आठवड्यातून एखाददोनदा बीकेसीला, शनिवार-रविवारी नातेवाइकांकडे आणि गणपती-शिमग्याला चिपळूणला.

सगळ्यात आवडलं ते बसणं. जुन्या गाडीत सिग्नलला बेस्टच्या चाकाकडे बघत बसायचो, आता पुढच्या दोन-तीन गाड्यांपलीकडे काय अडलंय ते दिसतं. खड्ड्यात पोट घासत नाही. आईचे दोन्ही गुडघे दुखरे. जुन्या गाडीतून उतरताना तिला हात धरून उठवावं लागायचं. या गाडीत ती आधी सीटवर टेकते, मग पाय आत घेते, झालं. कोस्टल रोडला तर गाडी अशी सुटते की ८० ची मर्यादा कधी आली कळत नाही. बोगद्यात ६० आहे, कॅमेरे आहेत, त्यामुळे नजर सारखी काट्यावर.

न आवडलेलं: गर्दीत ब्रेक सोडला की गाडी क्षणभर दम खाते आणि मग एकदम पुढे येते. तीन सिलिंडरची थरथर उभ्या गाडीत सीटखाली जाणवते. आणि मायलेज! टाकी फुल ते टाकी फुल मोजलं तर शहरात दहाच्या आसपास. माहितीपत्रकात अठराच्या पुढचा आकडा आहे.

तर प्रश्न असे. हे मायलेज पुढे सुधारतं का? नव्या इंजिनाला सुरुवातीचे हजार किलोमीटर जपायचं हे अजून खरं आहे का? आणि बायकोचं म्हणणं, एवढ्या पैशात उत्तम ऑटोमॅटिक हॅचबॅक येऊन वर कोकणाच्या चार फेऱ्यांचं पेट्रोल निघालं असतं. तुमचं मत काय?

घाटमाथा
अभिनंदन! पेढे कुठे ठेवलेत?

तिसरा_गिअर
अभिनंदन. मायलेजचं सांगतो, जरा लांबेल.

माहितीपत्रकातला आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी ठरावीक पद्धतीने चालवून काढतात. त्यात कलानगरचा सिग्नल नसतो. तुमच्याकडे छोटं इंजिन आणि वर साधारण अकरा-बाराशे किलोचं धूड. टर्बो चालतो एक्झॉस्टच्या वायूवर. इंजिन पंधराशे-सतराशे फेऱ्यांच्या खाली असलं की टर्बोकडून फारशी मदत नाही. म्हणजे सरकत-सरकत चालणाऱ्या गर्दीत तुम्ही फक्त ते छोटं इंजिन वापरताय. गाडी हलत नाही म्हणून पाय जोरात दाबता, तेवढ्यात टर्बो जागा होतो, गाडी उसळते, पुन्हा ब्रेक. पेट्रोल जातं ते इथे. टर्बोला हायवेवर ऐंशी-नव्वदच्या स्थिर वेगाला बघा, तिथे सोळा-सतरा सहज मिळेल.

दुसरं, आता पंपावर मिळतं ते ई-२०. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. त्यात वीस टक्के तेच असल्यावर थोडी घट येणारच. गाडीला अपाय नाही, तुमची नवी आहे, त्यासाठीच बनवलेली आहे.

सुधारतं का? हो, इंजिन मोकळं झालं की एखादा किलोमीटर वाढतो. दहाचे चौदा होणार नाहीत.

जपण्याचं म्हणाल तर ते अजून खरं आहे. सुरुवातीला पूर्ण थ्रॉटल नको, एकाच वेगाला तासन्‌तास नको, इंजिन गार असताना ताणायचं नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, फक्त ते पुस्तक कुणी प्लास्टिकमधून बाहेर काढत नाही.

कुर्ल्याचे_काका
यात एसयूव्ही कुठे आहे ते कोणी सांगेल का? फोर व्हील ड्राइव्ह नाही, वेगळी चॅसी नाही. हॅचबॅकला उंच टाचांचे बूट घातलेत एवढंच.

आणि चार मीटरच्या आतलं म्हणाल तर आमची प्रीमियर पद्मिनीसुद्धा चार मीटरच्या आतलीच होती. १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअरचा दांडा, पुढे सलग सीट. आमच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. माझा चुलता तिथे पेंट शॉपला होता. सहा माणसं, एक गादीची वळकटी आणि टपावर तांदळाचं पोतं घेऊन ती कशेडी घाट चढायची. मायलेज विचारायची पद्धत नव्हती.

मापात_पाप
काका, हलके घ्या, पण ही 'चार मीटर' भानगड करामुळे आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क उतरवलं आणि तेव्हापासून आपल्याकडे गाडीची शेपूट कापायची फॅशन आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर: लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के जीएसटी, नाहीतर ४०. दोन्ही अटी पाळाव्या लागतात. ब्रेझा बघा, लांबी ३९९५ मिलिमीटर पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसी, म्हणून ती ४० मध्ये.

त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स वेगळा. दहा लाखांपर्यंत पेट्रोलला ११ टक्के, डिझेलला १३, आणि दहाच्या वर गेलात की अजून एकेक टक्का. म्हणून तर दहाच्या जरा आतल्या मॉडेलवर एवढ्या उड्या पडतात.

आणि पद्मिनी आता रस्त्यावर टॅक्सी म्हणूनही नाही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची काळी-पिवळी पद्मिनी उतरली.

कुर्ल्याचे_काका
माहीत आहे. त्या दिवशी जेवलो नाही.

बटाटा_पुरी
ड्युअल क्लच, टर्बो, तीन सिलिंडर, नाव सांगत नाहीत... पाहुण्यांनी फक्त एवढं सांगावं, गाडीच्या नावात 'न' आहे का?

लालबागचा_पाहुणा
बटाटा_पुरी, नेक्सॉनमध्ये 'न' आहे, सोनेटमध्ये आहे, व्हेन्यूतही आहे. बसा शोधत.

चकली_भाजणी
अभिनंदन! माझी उंची पाच फुटाला जेमतेम लागते, त्यामुळे वेगळ्या बाजूने सांगते. आमच्याकडेही दोन वर्षं अशीच गाडी आहे. टेस्ट ड्राइव्हला नवरा चालवतो, मी शेजारी बसते, हा प्रकार मी बंद केला. आपल्याला चालवायची असेल तर सीट पूर्ण वर घेऊन, स्टिअरिंग खाली ओढून, स्वतः बसून बघावं. काही गाड्यांत सीट वर घेतली की समोरच्या काचेच्या बाजूचा जाड खांब नेमका उजव्या वळणाला डोळ्यासमोर येतो. दादर टीटीला वळताना त्या खांबामागे अख्खी स्कूटर लपते. मी आता वळण्याआधी मान पुढे-मागे करून बघते. शेजारच्याला वाटतं ही गाण्यावर डुलतेय.

बाकी गुडघ्यांबद्दल शंभर टक्के अनुमोदन. सासूबाई साडी सावरत आरामात बसतात. डिकीत भाजीच्या पिशव्या ठेवताना वाकावं लागत नाही हेही लिहा कुणीतरी, पुरुष रिव्ह्यूवाले लिहीत नाहीत.

पायी_चालणारा
विरोधी सूर लावतो. तुम्हाला पुढच्या तीन गाड्यांपलीकडचं दिसतं, ठीक. पण बॉनेटच्या लगेच पुढे उभं असलेलं चार वर्षांचं पोर दिसतं का? माझ्या लेकीला शाळेत सोडताना रोज बघतो. गेटसमोर सगळ्या या उंच नाकाच्या गाड्या, आणि त्या नाकाखाली मुलं. फुटपाथवर फेरीवाले, त्यापुढे गाड्या लावलेल्या, आम्ही चालायचं कुठे? आठवड्यातून एकदा निघणाऱ्या गाडीला एवढा आकार कशाला हवा, हा वहिनींचा प्रश्न मला पूर्ण पटतो.

घाटमाथा
+१, नाकाच्या मुद्द्याला. पण फुटपाथचं खापर गाडीच्या उंचीवर फोडू नका, हॅचबॅकवालेही तिथेच लावतात.

माळा_नंबर_चार
पाहुणे, पार्किंग कुठे करता? लालबाग म्हणजे रिडेव्हलपमेंटची इमारत असणार, मग स्टॅक पार्किंग असणार, एकावर एक गाड्या. आमच्याकडे खालच्या खान्याला उंच गाडी चालत नाही म्हणून दोन जणांनी बुकिंग रद्द केलं.

लालबागचा_पाहुणा
बरोबर ओळखलंत. दोन मजली स्टॅक आहे, मला वरचा खाना आहे. बुकिंगच्या आधी टेप घेऊन खाली गेलो होतो. नुसती गाडीची उंची धरून चालत नाही. रूफ रेल आणि मागचा शार्क फिन अँटेना धरून सर्वांत वरचा बिंदू मोजावा लागतो. खांबावर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तीही बघा.

दरवेळचा सोहळा असा असतो. आधी आरसे मिटायचे. मग लोखंडी पत्र्यावर दोन पन्हळी आहेत त्यात चाकं सरळ घ्यायची. डाव्या चाकाला पन्हळीच्या काठापासून चार बोटं जागा. मागे वॉचमन मामा, कॅमेरा आणि सेन्सर दोन्ही बोंबलत असले तरी त्यांचा विश्वास फक्त स्वतःच्या तळहातावर. डिकीवर थाप मारत "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या..." आणि मग एकच जोरात थाप, "बस्स!" तोपर्यंत सेन्सरचा सलग भोंगा झालेला असतो. अजून एकदाही मागच्या अडणीला टेकली नाही.

खालची गाडी हलल्याशिवाय वरची उतरत नाही, त्यामुळे खालच्या शेजाऱ्यांची चावी मामांकडे. सकाळी साडेपाचला कोकणात निघायचं तर आदल्या रात्रीच गाडी बाहेर काढून ठेवायची.

माळा_नंबर_चार
आमचे मामा निवृत्त झाले आणि सोसायटीत तीन बंपर गेले.

तिसरा_गिअर
ड्युअल क्लचबद्दल राहिलंच. या गाड्यांत बहुतेक ड्राय क्लच असतो, म्हणजे थंड करायला तेल नाही. इंच-इंच सरकलात की क्लच अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. त्यामुळे पुढच्या गाडीला चिकटू नका. दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदाच पुढे जा. पुलाच्या चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती सोडा, ब्रेक दाबून थांबा. ऑटो होल्ड (थांबल्यावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असेल तर लावा.

म्हणून नुसत्या मुंबईसाठी कुणी विचारलं तर मी टॉर्क कन्व्हर्टर सांगतो, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक. ब्रेझाला सहा गिअरचा तोच आहे, थ्रीएक्सओ आणि कायलॅकलाही तोच. मॅग्नाइट-कायगर टर्बोला सीव्हीटी, त्यात ठरावीक गिअरच नसतात. एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच पण क्लच-गिअर यंत्र सांभाळतं, सगळ्यात स्वस्त, पण गिअर बदलताना मान हलते.

डोंबिवली_फास्ट_नव्हे
दीड-दोन गाड्यांची जागा?? मुंबईत? त्या जागेत दोन रिक्षा, एक स्विगीवाला आणि एक गजरे विकणारी मावशी येऊन उभी राहते.

तिसरा_गिअर
बांद्र्याच्या अलीकडे रिक्षा नसतात, तेवढ्या भागात तरी पाळा.

वायरमन
शहरात गाडी घेणारा प्रत्येक जण मायलेजवर रडतो आणि तरी पेट्रोलच घेतो, याची गंमत वाटते. पाहुणे, ईव्ही घेतली असती तर गर्दीत उलट रेंज वाढते, कारण ब्रेक लावताना बॅटरी भरते. परळहून शिवडी हाकेच्या अंतरावर, अटल सेतूचा एका बाजूचा टोल कारला अडीचशे, आम्हाला ऑगस्ट २०२५ पासून शून्य. रोड टॅक्सचीही बचत.

लालबागचा_पाहुणा
वायरमन, मनात होतं. पण स्टॅकच्या वरच्या खान्यात चार्जर कुठून लावू? कमिटीत विषय काढला तर सेक्रेटरी म्हणाले, आधी लिफ्टचं बघू.

वायरमन
मग तुमच्या कमिटीला माझे दोन्ही हात जोडून नमस्कार.

मुक्काम_पोस्ट_गिरगाव
कोणी उंदरांबद्दल बोललंच नाही! पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की बॉनेटखाली उंदीर घर करतात. ऊब मिळते, वायरचं वेष्टण खायला मिळतं. आमच्या मजल्यावरच्या एकांची नवीकोरी गाडी सकाळी सुरूच होईना. वर्कशॉपात बॉनेट उघडलं तर बॅटरीवर अर्धी चपाती आणि वायरिंगचा अख्खा जुडगा कुरतडलेला. बिल ऐकून ते खाली बसले. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, लिंबू सगळे उपाय लोक करतात. खरा उपयोग दोनच गोष्टींचा: गाडी दोन दिवसांआड सुरू करून हलवा, आणि शेजारी कचऱ्याचा डबा ठेवू देऊ नका. खालून जाळी बसवून मिळते, पण ती वर्कशॉपला विचारूनच. वायरिंगला हात लावू देऊ नका, वॉरंटीचं काही खरं नाही.

बटाटा_पुरी
बाप्पाचं वाहन आपल्या वाहनात. हसून हसून पुरेवाट.

चकली_भाजणी
सनरूफ आहे का? आमच्याकडे लेकीच्या हट्टापायी आलं. मुंबईत आठ महिने ऊन, चार महिने पाऊस, उघडायचं कधी? पोरांना त्यातून डोकं बाहेर काढू देऊ नका. चलान तर होतंच, पण करकचून ब्रेक लागला तर काय होईल विचार करा. आणि सनरूफच्या चारी कोपऱ्यांत पाणी जायची बारीक भोकं असतात. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते, ती पाकळ्यांनी तुंबली आणि पहिल्याच जोराच्या पावसात पाणी दिव्याच्या बाजूने आत टपकलं. आता मे महिन्यात न चुकता साफ करून घेते.

कुर्ल्याचे_काका
आमच्या पद्मिनीच्या पत्र्यातून पाणी यायचं. त्यासाठी वेगळे पैसे घेत नसत.

आता गंमत बाजूला ठेवून एक सांगतो. उंच गाडी घेतलेल्यांना वाटतं पाण्यातून जाईल. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी गाडीच्या काचा बंद करून आत बसून राहिलेली माणसं गुदमरून गेली. मी कलिन्याला कमरेएवढ्या पाण्यात होतो. दोनशे मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे वीतभर हो, त्यावर हिंदमाता चौकात तुंबलेलं पाणी नाही पार होत. पुढच्या गाडीचं अर्धं चाक पाण्यात दिसलं की वळा. मधेच बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. उतरा, ढकला, टोइंगला फोन करा.

मापात_पाप
काकांच्या मुद्द्याला जोडून: साध्या सर्वसमावेशक विम्यात पाण्याने झालेलं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन वेगळं घ्यावं लागतं. मुंबईत झिरो डेप (घसारा न कापता भरपाई देणारं ॲड-ऑन) एखाद्या वर्षी सोडलं तरी चालेल, हे सोडू नका.

सानपाडा_सेक्टर_नाही_सांगत
विम्यावरून आठवलं. मागच्या वर्षी गाडी घेताना शोरूमवाल्याने "विमा आमच्याकडूनच, नाहीतर डिलिव्हरी लांबेल" असं ऐकवलं. वर 'हँडलिंग'चे पैसे आणि नको असलेलं ॲक्सेसरीजचं पॅकेज. विमा कुठून घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतं, सक्ती करता येत नाही. मी बाहेरून कोटेशन आणलं, तेवढ्याच कव्हरला बरंच कमी होतं. मॅनेजर म्हणाला साहेब आपण घरचेच आहोत. म्हटलं घरच्यांकडून कुणी हँडलिंग घेतं का? तेही निघालं. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीचा) एकदम भरावाच लागतो, त्यात वाद नाही.

अजून एक, डिलिव्हरीच्या आधी यार्डात जाऊन गाडी बघा. टायरवर चार आकडी कोड असतो, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे बघा, स्टेपनीसकट. चॅसी नंबरवरून गाडी कधी बनली ते कळतं. हार घातल्यावर आणि पेढे वाटल्यावर माणूस भांडत नाही, ते त्यांना बरोबर माहीत असतं.

घाटमाथा
आणि चाकाखालच्या लिंबाचा रस निघायच्या आत सह्या होतात.

पायी_चालणारा
धागा उंदीर, सनरूफ, विमा सगळीकडे फिरला, पण मूळ प्रश्न होता एसयूव्ही की हॅचबॅक. त्याचं उत्तर कोणीच सरळ दिलेलं नाही.

तिसरा_गिअर
मी देतो. घरात गुडघे दुखणारं माणूस नसतं आणि वर्षातून दोन-चारदा कोकण नसतं, तर वहिनी बरोबर आहेत. हॅचबॅक घ्या, बारा-तेराचं मायलेज घ्या, पार्किंगला सुख. यांच्याकडे दोन्ही आहे. एनएच-६६ ची, म्हणजे मुंबई-गोवा महामार्गाची, अजूनही कामं चाललेली आहेत, वळणरस्ते आहेत, तिथे हॅचबॅकचं पोट घासतंच. आणि आईंना दरवेळी वाकून उठायला लावून वाचवलेलं पेट्रोल काय कामाचं? फक्त 'एसयूव्ही' या नावासाठी कोणी दोन लाख जास्त मोजत असेल तर मोजू नये.

चकली_भाजणी
आणि वहिनी चालवणार आहेत का, हेही विचारा. चालवणार असतील तर त्यांचं मत निम्म्याहून जास्त धरायला हवं.

लालबागचा_पाहुणा
थोडा उशीर झाला, पहिली सर्व्हिस करून आलो. तिसरा_गिअर म्हणाले तसं अंतर ठेवून चालवायला लागल्यापासून तो दम खाण्याचा प्रकार बराच कमी झाला. शहरात अकराच्या जरा वर गेलंय. मधे चिपळूणला जाऊन आलो, जाताना चार माणसं, येताना चार माणसं अधिक सुरणाचे दोन गड्डे, कोकमं आणि फणसपोळीचे डबे. हायवेला सोळा मिळालं. आईने मागे पट्टा लावायला नकार दिला होता. तिला सांगितलं, १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबईत मागच्यांनाही सक्ती आहे, पोलीस मलाच पकडतील. लेकाला दंड होईल म्हटल्यावर लगेच लावला.

बायको चालवते का, तर हो. पहिल्यांदा तिने वाशीपर्यंत नेली आणि येताना मला स्टिअरिंग दिलंच नाही. हॅचबॅकचा विषय निघालेला नाही. पण पायी_चालणारा यांचा मुद्दा तिने वाचला आणि पुढच्या बाजूला सेन्सर बसवून घ्यायला सांगितलंय. आमच्या व्हेरिएंटला फक्त मागे आहेत. बाहेरून बसवले तर बंपरला भोकं पाडावी लागतात. कोणी केलंय का? वॉरंटीला त्रास?

सानपाडा_सेक्टर_नाही_सांगत
कंपनीच्या ॲक्सेसरीजमध्ये पुढच्या सेन्सरचा किट आहे का ते आधी विचारा. असेल तर अधिकृत वर्कशॉपातच बसवा, पावतीवर किटचा पार्ट नंबर आणि बसवल्याची नोंद घ्या. बाहेर बसवायचाच झाला तर वायर कापून जोडणारा नको, कपलर (वायर न कापता जोडायची खटकी) लावणारा शोधा. आणि बसवण्याआधी बंपर पूर्ण उतरवतो का ते विचारा. जागेवरच ड्रिल मारणारा असेल तर तिथून निघा.